पावलाची रेघ

आमच्या घरात पहिलं क्रॉस ट्रेनर आलं ते दसऱ्याच्या सेलमध्ये. आईच्या गुडघ्यांची झीज सुरू झाली होती. चालणं बंद करू नका, पण काँक्रीटच्या रस्त्यावर फार वेळ नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि डोंबिवलीत पावसाळ्याचे चार महिने खड्डे नि चिखल चुकवत चालणं तिच्या वयाला झेपणारं नव्हतं. दुकानातल्या मुलाने सहा किलोचं फ्लायव्हील, आठ लेव्हल, मोबाइलचं ॲप अशी यादी भराभर सांगितली. मी पडदा पाहिला, किंमत पाहिली, आईला दोन मिनिटं त्यावर उभं केलं आणि पैसे भरले. आठ दिवसांनी आई म्हणाली, "अगं, हे चालणं नाही, जिना चढणं आहे. गुडघा दर वेळी वर येतो."

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. ते खरं का, हे शोधताना मी त्या यंत्राची प्लास्टिकची कव्हरं उघडली, मोजमापं घेतली, मग दुसरं यंत्र घेण्याआधी बरीच दुकानं फिरले. त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर सांगते, कारण माझ्या ओळखीतली बरीच मंडळी आजही पडदा आणि किंमत पाहूनच हे यंत्र घेतात. ते घेताना पाहायची पहिली गोष्ट म्हणजे आपलं पाऊल त्यावर कोणती रेघ काढतं. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

दुकानांत याला कुणी क्रॉस ट्रेनर म्हणतं, कुणी एलिप्टिकल. स्वस्तातलं हलकं रूप ऑर्बिट्रेक या नावाने खपतं. कल्पना तशी तरुण आहे. अमेरिकेतल्या प्रिकॉर या कंपनीने 1995 मध्ये आपलं ईएफएक्स हे यंत्र बाजारात आणलं आणि तिथून हा प्रकार जगभरच्या जिममध्ये पसरला. ट्रेडमिलवर प्रत्येक पाऊल उचलून खाली पडतं, त्याचा दणका गुडघ्यापर्यंत जातो. सायकलवर दणका नाही, पण शरीराचं वजन सीटवर असतं. एलिप्टिकल या दोहोंच्या मधलं आहे. वजन आपल्याच पायांवर, पण पाऊल पेडलवरून सुटतच नाही, त्यामुळे आपटतही नाही. एलिप्स म्हणजे लंबवर्तुळ. पेडल त्या आकारात फिरतं म्हणून हे नाव.

आता हे लंबवर्तुळ तयार कसं होतं ते पाहू. घरात आजीचं पायांनी चालवायचं शिलाई मशीन असेल, तर ते डोळ्यांसमोर आणा. खाली पायटा, वर मोठं चाक, आणि दोघांना जोडणारा एक उभा दांडा. पायटा नुसता वर-खाली झुलतो, म्हणून दांड्याचं खालचं टोक वर-खाली जातं. वरचं टोक चाकाला अडकवलेलं, म्हणून ते गोल फिरतं. मग दांड्याचा मधला बिंदू काय करतो? तो ना पूर्ण गोल फिरतो, ना सरळ रेघेत जातो. तो लांबट गोल काढतो. चाकाजवळचा बिंदू जास्त गोल, पायट्याजवळचा जास्त चपटा.

एलिप्टिकलमध्ये हाच दांडा आडवा केलेला असतो. एक टोक क्रँकला, म्हणजे आसाभोवती फिरणाऱ्या आखूड दांडीच्या खुंटीला, जोडलेलं, ते गोल फिरतं. दुसरं टोक एकतर चाकांवर रुळावरून पुढे-मागे सरकतं, नाहीतर हँडलच्या खालच्या टोकाला झोपाळ्यासारखं टांगलेलं असतं. आपण उभे राहतो ते पेडल या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी. बस, एवढंच यंत्र. चार-सहा सांधे आणि दोन दांडे.

यातून दोन साध्या गोष्टी निघतात, आणि त्या माहीत असतील तर दुकानदार काहीही सांगो, आपली फसगत होत नाही. पहिली: दांडा लांबीला बदलत नाही, म्हणून त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू पुढे-मागे जवळजवळ तितकाच जातो, क्रँकच्या वर्तुळाच्या व्यासाएवढा. म्हणजे पेडल थेट या दांड्यावर बसवलेलं असेल, तर पावलाची लांबी क्रँकच्या दुप्पट. क्रँक मध्यापासून खुंटीपर्यंत सहा इंच असेल तर पाऊल बारा इंच, आठ इंच असेल तर सोळा. माहितीपत्रकावर काहीही छापलेलं असो. दुसरी: पाऊल किती उंच उचललं जातं हे पेडल क्रँकपासून किती दूर आहे त्यावर ठरतं. जितकं जवळ तितकं उंच, जितकं दूर तितकं सपाट.

आता आईच्या तक्रारीकडे येते. मी एका पुठ्ठ्याच्या खोक्याची मोठी बाजू कापली, ती पेडलच्या बाजूला भिंतीसारखी धरायला मुलाला बसवलं, पेडलला चिकटपट्टीने स्केचपेन बांधलं आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. पुठ्ठ्यावर आकृती आली: बारा इंच लांब आणि जवळपास साडेआठ इंच उंच. याला लंबवर्तुळ म्हणायचं तर म्हणा, पण हे गोलाच्या फार जवळचं आहे. साध्या चालण्यात आपलं पाऊल दोन फुटांच्या आसपास पुढे पडतं आणि जमिनीपासून जेमतेम उचललं जातं. इथे आईचं पाऊल त्याच्या निम्मं पुढे जात होतं आणि प्रत्येक फेरीत साडेआठ इंच वर येत होतं. जिन्याची पायरी साधारण साडेसहा-सात इंचांची असते. म्हणजे ती खरोखर जिन्याच्या पायरीहूनही उंच पाऊल टाकत होती, मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा, तेही झिजलेल्या गुडघ्याने.

यंत्र छोटं आणि स्वस्त करायचं तर क्रँक लहान करावा लागतो आणि पेडल त्याच्याजवळ आणावं लागतं, म्हणून हे घडतं. छोट्या यंत्रांतली बहुतेक अशीच असतात. सायकलची सीट लावलेली टू-इन-वन यंत्रं तर मी कुणालाच सुचवत नाही. सायकलला गोल हवा, चालण्याला लांबट रेघ हवी, एकाच दांड्यातून दोन्ही नीट मिळत नाहीत.

दुसऱ्या वेळी आम्ही घेतलेल्या यंत्राची आकृती सोळा इंच लांब आणि साडेसहा उंच आली. तो पुठ्ठा मी अजून ठेवला आहे, दोन्ही रेघा एकावर एक काढलेला. कुणी विचारायला आलं की तोच दाखवते.

किती लांबीचं पाऊल घ्यावं? पाच फूट तीन इंचांपर्यंत उंची असेल तर चौदा ते सोळा इंच, पाच-आठपर्यंत सोळा ते अठरा, त्याहून उंच माणसाला अठरा ते वीस, असा ढोबळ अंदाज धरायला हरकत नाही. जिममधली मोठी यंत्रं बहुधा वीस-एकवीस इंचांची असतात. जास्त लांब म्हणजे जास्त चांगलं असं मात्र नाही. माझी आई पाच फुटांची. वीस इंचांच्या यंत्रावर तिचं कंबरडं दोन्ही बाजूंना हेलकावे खात होतं. घरात उंची वेगवेगळ्या असतील तर जो माणूस रोज वापरणार आहे त्याच्या मापाने घ्या. उत्साहात "सगळेच करू" असं ठरवलेलं असतं, प्रत्यक्षात एक किंवा दोघंच करतात.

आणखी एक माप कुणी सांगत नाही: दोन पेडलांमधलं आडवं अंतर. चालताना आपली पावलं जवळजवळ पडतात. पेडलं एकमेकांपासून लांब असतील तर फेंगडं चालल्यासारखं होतं, आणि पंधरा मिनिटांत कमरेच्या सांध्याला ते जाणवतं. दोन पेडलांच्या आतल्या कडांमध्ये अंतर जितकं कमी तितकं बरं.

आता फ्लायव्हील, कारण दुकानात सगळ्यात आधी त्याचं वजन सांगतात. त्याचं काम समजायला जातं आठवा. जात्याची वरची तळी जड असते. सुरू करताना जोर लागतो, पण एकदा फिरायला लागली की हात जिथे कमी पडतो तिथून ती स्वतःच पुढे जाते. एलिप्टिकलच्या फेरीत अशी एक जागा असते. एक पेडल सगळ्यात वर, दुसरं सगळ्यात खाली, अशा वेळी नुसत्या अंगाच्या वजनाने क्रँक पुढे ढकलला जात नाही. ती जागा ओलांडून देतं ते फ्लायव्हील. ते कमी पडलं की प्रत्येक फेरीत दोनदा झटका बसतो, आणि तो झटका घेतो गुडघा.

पण हे वजनाने एकट्याने ठरत नाही. क्रँकवर मोठी पुली, तिच्यावरून पट्टा, पट्ट्याने फिरणारी छोटी पुली आणि तिच्यावर फ्लायव्हील, अशी रचना असते. आपण मिनिटाला पन्नास फेऱ्या घेतल्या तर फ्लायव्हील कितीतरी जास्त फिरतं. साठवलेली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. एकाच आकाराची दोन चाकं घ्या. सहा किलोचं चाक बारा किलोच्या चाकाच्या दुप्पट वेगाने फिरत असेल, तर त्याच्यात दुप्पट ऊर्जा असते. म्हणून "सहा किलो की नऊ किलो" या प्रश्नाचं उत्तर कागदावर नाही, पायात आहे. यंत्रावर उभं राहून मुद्दाम अगदी सावकाश चालवा, मिनिटाला तीस-पस्तीस फेऱ्या, हँडल न ओढता. वेगात सगळीच यंत्रं बरी वाटतात. सावकाश चालवल्यावर जे अडखळत नाही ते चांगलं.

जोर कमी-जास्त करणारा ब्रेक हा या यंत्रातला मला सर्वांत आवडलेला भाग. जुन्या घरांत दाराजवळ विजेचा काळा मीटर असायचा, त्यात ॲल्युमिनियमची चकती फिरत असायची. ती चकती स्वैर फिरू नये म्हणून तिच्या कडेला एक लोहचुंबक बसवलेलं असे. चुंबक चकतीला शिवत नाही, ॲल्युमिनियमला ओढूनही घेत नाही. पण धातू त्याच्यासमोरून सरकला की धातूमध्येच भोवऱ्यासारखे छोटे वीजप्रवाह उठतात आणि ते हालचालीला विरोध करतात. एलिप्टिकलमध्ये फ्लायव्हीलच्या कडेजवळ अशीच चुंबकं असतात. नॉब फिरवला की ती जवळ येतात, विरोध वाढतो. काही घासत नाही, म्हणून झिजतही नाही आणि आवाजही नाही. अगदी स्वस्त यंत्रांत याच्याऐवजी चाकावर आवळलेला पट्टा असतो. तो झिजतो, तापतो आणि काही महिन्यांत लेव्हल तीन आणि सहा यांत फरक उरत नाही. तो घेऊ नका.

चुंबकाच्या ब्रेकचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे: वेग वाढला की विरोधही वाढतो. म्हणून लेव्हल न बदलताही नुसतं जलद चालवून व्यायाम कठीण करता येतो, आणि दमल्यावर नुसतं संथ होऊन तो सोपा करता येतो. चुंबक सरकवायला कुठे तारेचा नॉब असतो, कुठे छोटी मोटर. मोटरवाल्याला विजेचा ॲडॉप्टर लागतो. गावाकडे भारनियमन असेल तर नॉबवालं घेणं शहाणपणाचं, ते वीज नसतानाही चालतं.

क्रँक पुढे की मागे, यावर दुकानांत बरीच चर्चा चालते. क्रँक मागे असलेल्या यंत्रात चाल बहुधा सपाट वाटते; पुढे असलेल्यात थोडं पुढे झुकल्यासारखं होतं, आणि रुळावरची चाकं असतील तर ती झिजल्यावर घरघर लागते. मला हा फरक दुय्यम वाटतो. आकृती बरोबर आली तर क्रँक कुठे का असेना.

घराच्या मापांकडे मात्र नीट लक्ष द्या. यंत्राची लांबी चार ते सहा फूट, रुंदी दोन फुटांच्या आसपास. शिवाय चढण्या-उतरण्याच्या बाजूला दीड-दोन फूट मोकळे हवेत. लोक जमिनीवरची जागा मोजतात, डोक्यावरची विसरतात. पेडल सगळ्यात वर असताना जमिनीपासून किती इंच आहे ते मोजा, त्यात सगळ्यात उंच माणसाची उंची मिळवा, वर सहा इंच सोडा. पाच फूट नऊ इंचांचा माणूस आणि अठरा इंचांवर पेडल, म्हणजे सव्वासात फूट झाले; सहा इंच धरून पावणेआठ. आता छताचा पंखा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते टेप लावून पाहा. माळ्याखाली तर हे यंत्र बसतच नाही. आमच्या सोसायटीत एकांनी आणलेलं यंत्र हॉलच्या मधोमध पंख्याखाली लागलं होतं. सुदैवाने पहिल्याच दिवशी लक्षात आलं.

गॅलरीत ठेवणार असाल तर पुन्हा विचार करा. मुंबई-कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत सांध्यांच्या पिनांना एका पावसाळ्यात गंज चढतो. खालच्या मजल्यावर त्रास होऊ नये म्हणून यंत्राखाली जाड रबरी मॅट घाला आणि पायांचे स्क्रू फिरवून ते फरशीवर चारही बाजूंनी टेकतंय ना पाहा. बहुतेक धडधड यंत्राची नसते, न टेकलेल्या पायाची असते. खोकं पन्नास किलोंच्या पुढे असू शकतं, तेव्हा लिफ्टचं दारही मोजून ठेवा. आणि घरात लहान मूल असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची: आपण पाय थांबवला तरी चाक थोडं फिरत राहतं, आणि क्रँक व दांड्यांच्या सांध्यांत बोटं चिरडू शकतात. मूल खोलीत असताना यंत्र चालवू नका, आणि काम झाल्यावर पेडल पट्ट्याने बांधून ठेवा.

वजनाची मर्यादा यंत्रावर लिहिलेली असते. आपल्या वजनापेक्षा वीसेक किलो जास्त मर्यादा असलेलं घ्या. कारण ताकदीपेक्षाही सांध्यांचं आहे. मर्यादेच्या काठावर वापरलेलं यंत्र वर्षभरात कुरकुरायला लागतं. सांध्यांत बेअरिंग आहे की नुसतं प्लास्टिकचं बुश, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर हँडल धरून आडवं हलवा. नव्या यंत्रात तिथे खेळ जाणवला तर तो कमी होणार नाही, वाढतच जाईल.

पडद्यावरच्या आकड्यांवर विसंबू नका. अंतर म्हणजे फेऱ्यांची संख्या गुणिले कंपनीने ठरवलेला एक आकडा. दोन यंत्रांवरचे किलोमीटर एकमेकांशी जुळवायला जाऊ नये. उष्मांक त्याहून कच्चे. ज्या यंत्राने तुमचं वजनच विचारलेलं नाही ते उष्मांक कशावरून काढणार? स्वतः हिशेब करता येतो. मध्यम गतीने एलिप्टिकल चालवताना शरीर शांत बसलेलं असतानाच्या साधारण पाचपट ऊर्जा खर्च करतं. म्हणून पाच गुणिले किलोमधलं वजन गुणिले तास. साठ किलोचा माणूस, अर्धा तास: दीडशे किलोकॅलरी. पडदा तीनशे दाखवत असेल तर त्यावर विश्वास ठेवून जेवण वाढवू नका. हँडलवरची धातूची पट्टी नाडी मोजते, पण हलत्या घामेजल्या हाताने ती चुकते. त्यापेक्षा व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाहीये, एवढी खूण पुरेशी आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, त्यांच्यासाठी तर हीच खूण जास्त खरी.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. आईने पाच मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवली. दहा मिनिटांनंतर तिच्या पायाची बोटं बधिर व्हायची. ही तक्रार अनेकांना येते, कारण पाऊल उचललंच जात नाही, तळव्याच्या पुढच्या भागावर सतत दाब राहतो. बुटाची नाडी थोडी सैल केली, टाच टेकवून जोर दिला आणि मधे मिनिटभर उलटं चालवलं की ती जाते. पाठ ताठ ठेवा, हँडलवर रेलू नका. आणि एक मर्यादाही मानली पाहिजे: पाऊल आपटत नाही हा या यंत्राचा गुण, पण हाडांना बळकट राहायला थोडा दणका लागतो. म्हणून आई रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं साधं चालतेही.

पहिल्या आठ-दहा तासांच्या वापरानंतर सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळा; नव्या यंत्राची निम्मी कुरकुर तिथेच थांबते. सांध्यांना दर तीन-चार महिन्यांनी थोडं ग्रीस द्या, नुसतं तेल नको, ते उडून जातं. घाम टिपून घ्या. दुरुस्तीसाठी आपल्या गावात माणूस येतो का आणि वॉरंटी कोणत्या भागांवर आहे, हे पैसे देण्याआधी लेखी घ्या. चौकटीवर पाच वर्षं आणि बेअरिंगवर सहा महिने असेल, तर उपयोगाचा आकडा सहा महिन्यांचा आहे.

ऑनलाइन मागवणार असाल तर निदान त्याच बनावटीचं यंत्र कुठल्या तरी दुकानात किंवा ओळखीच्या घरात चालवून पाहा. हृदयाचा त्रास असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तोल जात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दुकानात जाताना रोजचे बूट घाला, टेप बरोबर न्या, क्रँक मोजा, दहा मिनिटं सावकाश चालवा. दुकानदार टेप लावू देत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा.